चौगुले मॅडमचा संशय

शिवलीला चौगुले कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात मराठीची लेक्चरर म्हणून रुजू झाली ते १९९४ साल. मी तिथंच इतिहास शिकवत होते. पहिल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये चहा पिताना कोणीतरी सांगितलं की आपल्या कॉलेजची कोनशिला एका फार मोठ्या माणसाच्या हातून बसवली गेली. शिवलीलानं कप खाली ठेवला आणि विचारलं, "हे कोणी पाहिलंय?" झालं. तेव्हापासून पाठीमागं तिचं नाव 'संशयी मॅडम'.

ती मूळची नेसरीची. वडील चन्नवीर चौगुले मिरचीचे व्यापारी. घरात कानडी, दुकानात मराठी. माल घेताना पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या लालभडक मिरचीवर त्यांचा कधी विश्वास बसला नाही. कोपरापर्यंत हात खुपसून तळातली मूठ बाहेर काढायचे. शिवलीला त्यांचीच मुलगी. तिनं पीएच.डी.साठी नाटकाचा विषय घेतला तेव्हा त्यांनाच संशय आला. "नाटकाचा अभ्यास म्हंजे काय? तोंडाला रंग लावून नाचायला लावत्यात काय?" असं त्यांनी मला फोनवर विचारलं होतं. मी म्हटलं, "न्हाई ओ काका, नुसतं लिहायचं असतं." त्यांचं समाधान झालं नाही.

विषय होता सीमाभागातल्या फिरत्या नाटक कंपन्या आणि त्यांत बायकांची कामं करणारे पुरुष. पण कंपन्यांचा इतिहास जमवणं एवढ्यावर तिचं भागत नव्हतं. लुगडं नेसलेला पुरुष समोर उभा आहे हे ठाऊक असूनही माणसं डोळ्याला पदर लावतात, तेव्हा त्यांना नक्की कोण दिसत असतं? या प्रश्नानं तिला पछाडलं होतं. आमचे मराठीचे विभागप्रमुख डॉ. गणपतराव इंगवले तिचे मार्गदर्शक. ते म्हणायचे, "चौगुले, तत्त्वज्ञान नंतर. आधी जिवंत माणसं गाठा, ती संपत चाललीयेत."

असा एक जिवंत माणूस उचगावात निघाला. मास्टर महांतेश. चाळीसच्या दशकात निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज या पट्ट्यात त्यांचं नाव ऐकून माणसं बैलगाड्या जुंपून यायची. आता सत्तरीचे. बारीक, स्वच्छ धोतरातले, बोलायला मऊ. मुलगा सम्राट याचं वर्कशॉप होतं. घर पुढं सोपा आणि मागं अंधारी खोली असं. शिवलीला शहाण्णव साली टेपरेकॉर्डर घेऊन तिथं गेली तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "पावणं, तुम्ही सरकारी हाय काय?"

वृद्ध कलावंत म्हणून त्यांना मानधन मिळत होतं आणि ते बंद करायला कोणीतरी चौकशीला येणार अशी त्यांना कायम धास्ती. शिवलीलानं कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, मुलाला दाखवलं, मग चहा टाकायला सांगितला.

बोलणं सुरू झालं. कंपनीचा मालक कसा होता, तंबू कुठं कुठं लागायचा, गाड्या चिखलात कशा रुतायच्या, हे महांतेशआण्णा धडाधड सांगत. पण कामाविषयी विचारलं की अडखळत.

"राणीच्या कामात पहिल्या प्रवेशाला लुगडं कसलं होतं?"

"लुगडं व्हय... थांबा हं, घसा कोरडा पडलाय. पाणी पिऊन येतो."

आत जात, भांड्याचा आवाज होई, बाहेर येत आणि सांगत, "डाळिंबी रंगाचं इरकल. पदर उजव्या खांद्यावरनं घेतलेला, डाव्या हातात दिवा असायचा म्हणून."

उत्तर पक्कं. पण दर वेळी पाणी पिऊनच. त्या दुपारी आण्णा इतकं पाणी प्यायले की शिवलीलाला ते आजारी आहेत असं वाटलं. दुसऱ्या खेपेलाही तेच. गाणं म्हणून दाखवा म्हटलं तर गळा गेला म्हणाले. चालून दाखवा म्हटलं तर गुडघे. नऊवारी कशी नेसायचा ते नुसतं हातानं दाखवा, म्हटल्यावर त्यांनी निऱ्या उलट्या बाजूला खोचल्या.

तिसऱ्या भेटीत तिनं ते ऐकलं. आण्णा आत गेले आणि जरा मोठ्यानं बोलले, कारण आतल्या माणसाला कमी ऐकू येत होतं. "अक्का, आ सीनदाग नी यान उट्टिद्दि?"

अक्का, त्या सीनमध्ये तू काय नेसली होतीस?

कोल्हापुरातल्या कितीतरी लिंगायत घरांत आता कानडी उरलेलं नाही. ही कॉलेजातली मॅडम तशातलीच, असं आण्णा धरून चालले होते. शिवलीलानं तोंडावरची रेषा हलू दिली नाही. आण्णा बाहेर येऊन उत्तर देऊन गेले, तिनं ते लिहून घेतलं, आभार मानले आणि बाहेर पडली. स्टाफरूममध्ये तिनं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं.

"'तू' म्हणाला तो. 'काय नेसली होतीस' असं."

"कदाचित 'त्या वेळी तू आम्हाला काय नेसवलं होतंस' असं असेल," मी म्हटलं. "बहीण कपडे सांभाळत असेल."

"असेल. म्हणूनच मी काही बोलले नाही."

पुढचे कित्येक महिने ती कानडी न येणारी बाई होऊन उचगावला जात राहिली. प्रश्न विचारायची, आण्णा आत जायचे, ती कान टवकारून टेपरेकॉर्डरकडे बघत बसायची. घरात तीन माणसं आणि तिघंही एकमेकांपासून काहीतरी लपवत होती. तिला ते आवडत नव्हतं, पण थांबवतही नव्हतं.

एक दिवस आण्णा घरी नव्हते. सम्राटनं तिला सोप्यावर बसवलं आणि तो वर्कशॉपला गेला. आतल्या खोलीत अंधारात कोणीतरी कूस बदलली. मग एक खर्जातला आवाज कानडीत स्वतःशीच बोलायला लागला. कंपनीच्या मालकाला तंबूत एकदा म्हशीनं कसं गाठलं आणि त्याचं धोतर शिंगाला अडकून रंगमंचापर्यंत कसं आलं, त्याची गोष्ट. म्हशीचा आवाज वेगळा, मालकाचा वेगळा. शिवलीलानं ओठ गच्च मिटून घेतले. एका जागी ते सुटलेच.

आवाज थांबला. मग मराठीत आला. "ये तंगी. आत ये. तुला कानडी येतंय की. व्हट हाललं तुझं."

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. आत खाटेवर रत्नव्वा होती, महांतेशआण्णांची थोरली बहीण. पाय लुळे पडत चालले होते, पण मान ताठ. दाराच्या फटीतून ती इतके महिने शिवलीलाचं तोंड बघत बसलेली होती.

"किती दिवस झालं बघतीया, ही बाई नाटक करतीया," ती म्हणाली. "बरं करतीस. पर व्हटावर ताबा न्हाय."

शिवलीलानं टेप चालू केला, मग तिनं सांगितलं ते असं. वडील कंपनीत पेटी वाजवत. महांतेशला बाराव्या वर्षी बायकांच्या कामाला उभं केलं, पोरगं गाजलं. चौदाव्या वर्षी, मोसम अर्धा झालेला असताना त्याचा आवाज फुटला. गावोगाव त्याच्या नावाचे बोर्ड लागले होते. रत्नव्वा पंधराची. विंगेत बसून बसून तिला सगळी पदं पाठ झालेली. वडिलांनी तिचे केस कापले, अंगात सदरा अडकवला आणि मालकाला सांगितलं की पोरगं आजारातनं उठलंय, जरा वाळलंय. खऱ्या महांतेशला पडदे ओढायला लावलं, गावाकडचा भाचा म्हणून. पुढं सात वर्षं मास्टर महांतेश म्हणून लोक जिला बघत होते ती रत्नव्वा होती. बाई असून पुरुष बनलेली, आणि पुरुष म्हणून बाईचं काम करणारी.

"सोडलं का मग?" शिवलीलानं विचारलं.

रत्नव्वा हसली. "सोडलं न्हाय, काढलं. दुसऱ्या कंपन्यांनी खऱ्या बाया घेतल्या. आमचा मालक म्हणला, आता लोकान्ला खरी बाई पायजे. महांतेश, तुझं बाईपण आता खोटं दिसाय लागलंय."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? मीच बाई हाय म्हणू? मग सात वर्षं पुरुषांच्यात कशी ऱ्हायलीस, त्ये बी इचारलं असतं की."

तिनं एक अट घातली. भाऊ जिवंत असेतोवर हे कुठं लिहायचं नाही. तो गेल्यावर लिही, आणि माझं नाव घाल. "पुरं नाव घाल. रत्नव्वा म्हण. कुणाची बहीण म्हणू नगंस."

शिवलीला तिथून निघाली ती आनंदात नव्हती. मला वाटलं होतं ती उड्या मारेल. एवढा शोध कोणाच्या पदरात पडतो? पण ती म्हणाली, "मिमिक्री केली बाईनं माझ्यासमोर. म्हैस झाली, मालक झाली. मग रत्नव्वा झाली. ती शेवटची भूमिका नव्हती कशावरून?"

खातरजमा करायला ती कळंब्याला गेली. तिथं बाळासो नावाचे म्हातारे राहत होते, त्याच कंपनीत तबला वाजवलेले. सोबत मीही होते. बाळासो ऐकताच खवळले.

"कोण म्हणतंय? त्यो पुरुषच हुता! मी धा हातावर बसून तबला वाजवलाय, मला कळणार न्हाय व्हय? बायकी हुता, ते खरं. जास्तच बायकी. आम्ही चिडवायचो बी. पर पुरुष."

"तुमच्याबरोबर राहायचा?"

"न्हाय. त्येचा बाप त्येला येगळा ठेवायचा. पोरगं नाजूक. म्हैन्याला ताप यायचा त्येला. बाप मलेरिया म्हणायचा. मालक लई तणतणायचा, ह्येच्या तापावर मला खेळ लावाय लागत्यात म्हणून."

शिवलीलानं माझ्याकडं पाहिलं. बाळासोही बोलता बोलता थांबले. त्यांचा हात मांडीवर ताल धरल्यासारखा हलत होता, तो राहिला. म्हणाले, "म्हैन्याला. आयला." मग लगेच, "पर मला तवाच शंका आलती हां. मी कुणाला बोललो न्हाय."

परतीच्या वाटेवर मी खूश होते. पुरावा मिळाला होता. शिवलीला मात्र वैतागलेली. "आधी छातीठोक पुरुष म्हणाले. पाच मिनिटांत तेव्हाच शंका आली होती म्हणाले. यातलं काय लिहू?"

प्रबंध तिनं दिलेल्या शब्दाला जागून पूर्ण केला. त्यात मास्टर महांतेश होते, रत्नव्वा नव्हती. पण एका प्रकरणात तिनं मांडलं होतं की प्रेक्षकाचा संशय हाही प्रयोगाचाच भाग असतो. नट लपवतो आणि बघणारा तपासत असतो, आणि ही तपासणी चालू असेतोवरच नाटक चालतं. इंगवले सरांनी ते प्रकरण दोनदा वाचलं आणि तिला केबिनमध्ये बोलावलं.

"चौगुले, तुम्ही काहीतरी दडवून ठेवलंय."

"नाही सर."

"मी तीस वर्षं प्रबंध वाचतोय. हे प्रकरण कशावर तरी उभं आहे आणि ते इथं नाही. दुसरीकडं छापायला ठेवलंय काय? माझ्यापासून?"

तिनं प्रबंधाची प्रत उचलली आणि बाहेर आली. पदवी मिळाली, पण त्या दिवसापासून सर तिच्याशी मोजकंच बोलायला लागले. तिला तर आता वेगळाच संशय. सर उचगावला जाऊन आपल्या अगोदर हे छापतील. वर्षभर ती कुठल्याही नियतकालिकाचा अंक आला की पहिल्यांदा अनुक्रमणिका बघायची. सर गेले नाहीत. ते तसले नव्हते, हे तिला पुढं कळलं.

२००४ मध्ये महांतेशआण्णा वारले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी आली, 'रंगभूमीवरील सौंदर्यसम्राज्ञी हरपली', आणि सोबत कंपनीच्या काळातला फोटो. डाळिंबी इरकल, हातात दिवा. शिवलीला भेटायला गेली तेव्हा तो पेपर रत्नव्वाच्या मांडीवर होता. बायका येत होत्या, तिच्या गळ्यात पडून म्हणत होत्या, काय रूप होतं ओ तुमच्या भावाचं. रत्नव्वा मान हलवत होती. शिवलीला जवळ बसल्यावर ती कानात म्हणाली, "मी मेली म्हणं. चांगला आलाय न्हवं फोटू?"

तीन महिन्यांनी शिवलीलाचा लेख आला. रत्नव्वाचं पूर्ण नाव घातलेला.

पहिले दोन आठवडे कौतुकाचे फोन आले. मग वारं फिरलं. उचगावात नव्या सांस्कृतिक सभागृहाला मास्टर महांतेश यांचं नाव द्यायचं ठरत होतं, ते अडलं. सम्राट लोकांना घेऊन कॉलेजवर आला. मेलेल्या कलावंताची बदनामी, म्हाताऱ्या बाईला फूस, अशी लेखी तक्रार. स्टाफरूममध्ये जे लोक तिच्याबरोबर डबा खायचे ते हळू आवाजात विचारू लागले, हिला यातून काय मिळवायचंय? कानडीवाली आहे, तिकडच्या कोणीतरी लिहायला लावलं असेल. सीमेपलीकडच्या एका कानडी अभ्यासकानं नेमकं उलटं लिहिलं, की ही मराठीवाली आमचा नट पळवतेय.

प्राचार्यांनी समिती नेमली. इंगवले सर, मी आणि स्वतः प्राचार्य. सम्राटनं सांगितलं, "माझ्या आत्तीलाच घिऊन येतो. तिच्या तोंडनंच ऐका."

रत्नव्वाला खुर्चीत बसवून चार माणसांनी प्राचार्यांच्या खोलीत आणलं. धुतलेलं इरकल, कपाळावर विभूती. शिवलीला समोर. प्राचार्यांनी आदबीनं विचारलं, "आजी, या मॅडमनी लिहिलंय की कंपनीत काम तुम्ही करत होता. खरं आहे?"

रत्नव्वानं त्यांच्याकडं बघितलं, मग आमच्याकडं, मग शिवलीलाकडं. चेहऱ्यावर असं भाबडेपण की मला स्वतःलाच शरम वाटली.

"मी? अव्वा! आम्ही घरंदाज माणसं साहेब. माझा भाऊ करायचा. मी घरात भाकऱ्या करत हुते. ही पोरगी चांगली हाय, येती, बसती. म्हातारपणी मी कायबाय बोलले असंन. तिनं ते खरं धरलं."

"टेपवर तुमचा आवाज आहे," इंगवले सर म्हणाले.

"आसंल की. मी नकला करते. भावाची बी करायची."

शिवलीलानं एकच प्रश्न विचारला. "अक्का, तुम्हाला हे असं बोलायला कोणी सांगितलं काय?"

"कोण सांगणार? मला कुणाचं ऐकू येतंय?" असं म्हणून म्हातारी हसली, आणि सगळी खोली हसली.

बाहेर व्हरांड्यात सम्राट गाडी आणायला गेला तेव्हा शिवलीला खुर्चीजवळ उकिडवी बसली. मी मागं उभी होते. तिनं कानडीत विचारलं, खरं काय? रत्नव्वानं मराठीत उत्तर दिलं, बहुधा मलाही कळावं म्हणून. "घर त्येंचं हाय तंगी. पाय माझं गेलेत. तितंच मराचं हाय मला." मग तिनंच विचारलं, "का म्या आता खोटं बोलतीया? तूच ठरीव. तू शिकलीस न्हवं ह्येच."

प्राचार्यांनी शिवलीलाला लेख मागं घ्यायला सांगितलं. मी आणि इंगवले सरांनी त्याला विरोध नोंदवला. हो, सरांनीसुद्धा. ते म्हणाले, "मला आता कळलं ते प्रकरण कशावर उभं होतं." शिवलीलानं लेख मागं घेतला नाही. पुढच्या अंकात तिनं रत्नव्वाचा नकार शब्दन् शब्द छापला, बाळासोंच्या दोन्ही साक्षी छापल्या आणि खाली लिहिलं की मला यातल्या कशावरही पूर्ण विश्वास ठेवता येत नाही, आणि कशावरचाही काढून घेता येत नाही. त्यानं कोणाचंच समाधान झालं नाही. तिची रीडरची बढती चार वर्षं अडकून राहिली. कारण कोणी सांगितलं नाही. या सगळ्यावरचं पुस्तक २००९ मध्ये एका लहान प्रकाशकानं काढलं. ते पुण्या-मुंबईकडं वाचलं गेलं, प्रयोगाचा अभ्यास करणाऱ्या पोरांनी त्यावर वाद घातले. उचगावात कोणी विकत घेतलं असेल असं वाटत नाही.

रत्नव्वा ते पुस्तक यायच्या दोन वर्षं आधीच गेली. निरोप सम्राटनंच पाठवला, याचं आम्हाला आश्चर्य वाटलं. आम्ही पोचलो तेव्हा लिंगायत रीतीप्रमाणे तिला भिंतीशी टेकवून बसवलेलं होतं, गळ्यात फुलं, कपाळभर विभूती. मान अजून ताठच. शिवलीला लांब उभी राहिली. पुढं जावं की नाही, हे तिला ठरवता येईना. इथं कोण आपल्याकडं कसं बघतंय याचाच ती अंदाज घेत होती.

शेजारची एक बाई, बयाबाई, तिच्याजवळ आली. "तुम्ही कॉलेजातल्या मॅडम न्हवं? वळीकलं मी."

"कशावरून?" शिवलीलानं लगेच विचारलं.

"म्हातारी तुमची नक्कल करायची की. दुपारी आम्ही बाया जमलो की म्हणायची, बसा, चौगुले मॅडम दावते. तुम्ही असं हनुवटीला पेन लावून बघताय, मान जरा वाकडी. हुबेहूब. आमचं प्वाट दुखायचं हसून."

शिवलीलानं आपली मान सरळ केली. मग ती म्हणाली, "जरा करून दाखवता?"

बयाबाईनं पदर तोंडाला लावला. "मला कुटलं जमतंय बाई. ते तिलाच येत हुतं."

शिवलीला तशीच उभी राहिली. मग बायकांच्या गर्दीतून वाट काढत पुढं गेली, रत्नव्वासमोर मांडी घालून बसली आणि तिला उचलेपर्यंत तिथून उठली नाही.